पंधरा आणे समाधान

भालचंद्रपंत अष्टपुत्रे यांना दरबारातून पगार मिळायचा तो लोकांना 'कसं काय चाललंय?' असं विचारण्याचा. हसू नका. आम्हीही आधी हसूनच घेतलं होतं.

लष्कर म्हणजे आमचं शहर, तिथं दरबारची खाती पुष्कळ होती. घोड्यांचं खातं होतं, कंदिलांचं होतं, बागांना पाणी घालायचंही होतं. त्यात कुठल्याशा हौशी अधिकाऱ्याच्या मनात आलं की रयत सुखात आहे की नाही, हे रयतेलाच विचारावं. दरसाल विचारावं, घरोघर जाऊन विचारावं, तेच प्रश्न, त्याच दिवसांत. ज्या मोहल्ल्याची उत्तरं सगळ्यांत वाईट, त्याला पुढच्या वर्षी आधी काहीतरी द्यावं: नळ, दिवा, नाहीतर बायकांसाठी शिकलेली नर्स. कल्पना चांगली होती, ती वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. त्या खात्याला हालहवाल खातं म्हणत आणि पंतांना अख्खं शहर 'हालवाले मुन्शीजी' म्हणे.

आमची गल्ली खासगी बाजाराच्या मागं. चाळीस घरं, बहुतेक सगळी दक्षिणेतून आलेल्यांची. पंतांसारखे कारकून आणि भिक्षुक एका बाजूला, आमच्यासारखी जुनी शिलेदारांची घरं दुसऱ्या बाजूला. पंत समोरून तिसऱ्या घरात राहत. उंच, किडकिडीत, काळी टोपी, बगलेत लाल कापडाची वही आणि कानावर टाक. चालताना उजवा पाय किंचित ओढत, कारण बुटाच्या आत खिळा वर आला होता आणि तो ठोकून घ्यायला त्यांना सोळा वर्षांत सवड झाली नाही. गल्लीत ते येताहेत हे त्या पायाच्या आवाजावरून आतल्या खोलीत कळायचं.

प्रश्न नऊ होते. पाणी कसं येतं, झोप लागते का, वर्षात आजारपण किती, शेजारी कसे, कशाची भीती वाटते का, असे ते चालत जात. शेवटचा प्रश्न मोठा. पंत घसा साफ करत आणि विचारत, "एकंदरीत समाधान रुपयात किती आणे?" सोळा आणे म्हणजे भरून पावलो. आठ आण्यांच्या खाली गेलं की तो मोहल्ला वाईटांत धरायचा.

वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिलेला होता, तो पंतांनी मला एकदा उघडून दाखवला होता. 'सांगतील तेच लिहावे. आपली अक्कल चालवू नये.' आपली अक्कल न चालवण्यात पंतांचा हात कुणी धरला नसता. त्यांच्यासमोर एखादी बाई दोन्ही हातांनी कंबर धरून उभी असली आणि 'मला काही दुखत नाही' म्हणाली, तर ते लिहीत, 'काही दुखत नाही.' मला त्यांचा राग यायचा. आता वाटतं, सरकारी माणसानं निदान एवढं तरी करावं.

आता घोळ कुठं होता ते सांगते. ही पाहणी व्हायची थंडीत, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. अधिकाऱ्यांना तेव्हा दौऱ्यावर जायचं नसे, हवा बरी असे, आणि फाल्गुनात दरबारचा हिशेब ठरायच्या आत आकडे वर पोचत. हिंदी बोलणाऱ्या मोहल्ल्यांत त्यानं काही बिघडत नव्हतं. पण आमच्याकडं त्याच दिवसांत दारात जो येईल त्याच्या हातावर तिळगूळ ठेवायचा आणि गोड बोला म्हणायचं. आणि आपणही गोडच बोलायचं. हातात तिळगुळाची वाटी घेऊन 'आमच्या घरात सुख नाही' असं कोण सांगेल? माझ्या तरी तोंडून निघत नव्हतं.

म्हणून आमच्या गल्लीतलं प्रत्येक घर सांगायचं पंधरा आणे. सोळा म्हटलं तर दृष्ट लागते, म्हणून एक आणा दृष्टीसाठी सोडायचा. चौदा म्हटलं तर घरच्या कर्त्याची अब्रू जाते. चाळीस घरं, पंधरा आणे. दरसाल. तिकडं दौलतगंजात पंत पायरी चढायच्या आत लोक सुरू करत, "क्या बताएँ मुन्शीजी, मरे जा रहे हैं." तिथं रामराम करायची तीच रीत होती. त्यांचा आकडा पाच आण्यांवर कधी गेला नाही. नळ त्यांना मिळाला, दिवा त्यांना मिळाला, पहिली नर्सही त्यांनाच. त्यांनी काही खोटं सांगितलं असं नाही. आम्ही मात्र सांगत होतो.

पंतांना एकच मुलगी, राजलक्ष्मी. झाशीला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, बत्तीस सालच्या कार्तिकात. आमच्याकडं मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी, याला दुसरा विचारच नसतो. गल्लीतली सुईण हाताची चांगली होती, पण मूल पायाळू निघालं आणि तिच्या आवाक्याबाहेर गेलं. पंत स्वतः टांगा करून दौलतगंजात नर्सला आणायला गेले. भर दुपारची वेळ होती. नर्स दुसऱ्या एका घरी अडकलेली होती. ती आली तेव्हा राजलक्ष्मी वाचली होती आणि मूल गेलं होतं. अनसूया, म्हणजे पंतांची बायको, मोरीत बसून ते सगळं धुत होती आणि मी पाणी ओतत होते. "शालिनी, मुलगा होता ग," एवढंच ती म्हणाली. मी पाणी ओतत राहिले.

यानंतर दोन-अडीच महिन्यांनी संक्रांत आली. अनसूयानं हळदीकुंकू करू नये असं मला वाटत होतं, पण राजलक्ष्मी सासरी परत गेली होती आणि सवाष्णींना बोलावलं नाही तर चार तोंडं चार तऱ्हेचं बोलतील, म्हणून तिनं केलं. आम्ही आठ-दहा जणी बसलो होतो. तेवढ्यात बाहेर पाय ओढल्याचा आवाज आला. पंत गल्लीची घरं ओळीनं घेत होते आणि आता तेविसावं घर होतं. ते त्यांचं स्वतःचं. नियम असा की कारकुनानं आपल्या घरचं उत्तर आपण देऊ नये, घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावं. अनसूयाखेरीज दुसरं कोणी नव्हतंच.

ते स्वतःच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले, वही उघडली आणि परक्या बाईला विचारावं तसं एकेक विचारत गेले. अनसूया आतून सांगत गेली. पाणी ठीक. झोप ठीक. वर्षातलं आजारपण? तिनं वाटी या हातातून त्या हातात घेतली. "काही विशेष नाही."

"एकंदरीत समाधान, किती आणे?"

आम्ही सगळ्या जणी तिच्याकडं बघत होतो. आम्ही तिथं नसतो तर ती काय बोलली असती, कोण जाणे. तिनं वाटीतला तिळगूळ उचलला, नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "पंधरा."

पंतांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि पंधरा लिहिलं. टाक कानावर ठेवला आणि चोविसाव्या घराकडं गेले. मी त्या दिवशी घरी येऊन विनाकारण भांडी आपटली. सासूबाई म्हणाल्या, भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं. मला पंतांचा राग आला होता, अनसूयाचा आला होता, आणि तिथं बसून बघणाऱ्या माझाही.

त्या वर्षी पंतांनी खात्याला अर्ज केला. पाहणी संक्रांतीत न करता पितृपंधरवड्यात करावी, असा. त्या दिवसांत कुणाला गोड बोलायचं नसतं, शुभकार्य नसतं, माणूस खरं बोलायला मोकळा असतो. अर्ज चांगला होता, मी वाचला. महिन्याभरानं उत्तर आलं, हिंदीत, दोन ओळींचं: 'पिछले वर्षों के आँकड़ों से मिलान न हो सकेगा. नामंज़ूर.' मागच्या आकड्यांशी ताळा बसणार नाही, म्हणून. पुढल्या वर्षी पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी त्यांनी अर्ज केला नाही. "कागद वाया जातो, वहिनीसाहेब," ते मला म्हणाले. ते कंटाळले होते. सोळा वर्षं दारोदार तेच नऊ प्रश्न, तीच उत्तरं, आणि ती खोटी आहेत हे ठाऊक असूनही सुवाच्य अक्षरात लिहायची. माणूस थकेल नाहीतर काय करेल?

पस्तीस सालच्या मार्गशीर्षात राजलक्ष्मीला पुन्हा दिवस असल्याचं पत्र आलं. चैत्रात बाळंत होणार होती. खाली तिच्या सासऱ्यांच्या हातचा मजकूर होता, तो अनसूयानं मला विहिरीवर वाचून दाखवला. 'सौ. राजलक्ष्मीस माहेरी पाठवण्यास आमची हरकत नाही. मात्र मागील प्रसंग ध्यानात घेता, आपल्या गल्लीत शिकलेली नर्स असल्याखेरीज पाठवणे जिवावर येते. येथे बायकांचा दवाखाना घरापासून चार पावलांवर आहे. फाल्गुनापर्यंत आपल्याकडे व्यवस्था झाल्यास कळवावे, पाठवू.' माणसं वाईट नव्हती. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

"मग तू जाऊन राहा ना झाशीला," मी म्हटलं. रेल्वेनं झाशी ती किती लांब.

"कशी जाऊ? मूल व्हायच्या आधी लेकीच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही आपल्यात. व्याह्यांच्या घरात जाऊन बसू का खामखा?" घागर कमरेवर घेताना ती म्हणाली, "एकदाच ग. एकदा तिला माझ्या हातानं न्हाऊ-माखू घालायचंय. मागच्या वेळी तिला शेक दिला तोही रडत दिला."

दुसऱ्या दिवसापासून तिनं बाळंतिणीच्या लाडवांची तयारी सुरू केली. मेथ्या निवडून वाळत घातल्या, खारका कुटल्या, डिंक आणला. मी म्हटलं, अजून चार महिने आहेत. ती म्हणाली, हाताला काम असलेलं बरं. मला तिची काळजी वाटत होती, पण मीही खारका कुटायला बसले.

म्हणजे आता सगळं आलं होतं एका आकड्यावर. त्या वर्षी दोन नर्सा द्यायच्या होत्या. आमची गल्ली आठ आण्यांच्या खाली उतरली तर त्यांतली एक आम्हाला मिळाली असती. दुसरा कुणी कारकून असता तर त्यानं घरी बसून चाळीस ओळी सहा आण्यांनी भरल्या असत्या आणि कुणाला पत्ता लागला नसता. गल्लीतल्या दोन-तीन पुरुषांनी त्यांना तसं सुचवलंही. पंत म्हणाले, "सांगतील तेच लिहीन." अनसूया दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पाय ओढल्याचा आवाज आमच्या दारात आला. मामंजी, म्हणजे कान्होजीराव, गोरखी वाड्याच्या बाजूला कुणाकडं तरी गेले होते, सासूबाई देवळात. मी पडद्याआडून हात बाहेर काढला, हातावर तिळगूळ. "घ्या पंत, गोड बोला."

"नको, वहिनीसाहेब."

मला वाटलं ऐकू आलं नसेल. मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा म्हणाले, "नको. यंदा मी कुणाचाच घेणार नाही."

तिळगूळ नाकारणं म्हणजे काय, हे आमच्याबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. हाडवैरीसुद्धा घेतो. भावकीत वीस-वीस वर्षांचे दावे चाललेले लोक त्या दिवशी एकमेकांच्या हातावर ठेवतात आणि मग कोर्टात जातात. माझा हात बाहेर तसाच राहिला आणि माझं डोकं फिरलं.

"आमच्या घरचं चालत नाही का तुम्हाला? काय हवंय मग?"

"खरं सांगा, बस. पाणी कसं येतं?"

"पाणी!" मी म्हटलं, आणि मग मला थांबता आलं नाही. पाणी गढूळ येतं, बावीस घागरी मी एकटी ओढते, सहा वर्षांत दोनदा माझी कूस रिकामी झाली ती याच घागरींनी, आणि सुईणीला दाखवायचं तर सासूबाईंना विचारावं लागतं. झोप? झोप कसली येते. भीती वाटते का विचारता, आता दिवस गेले तर मी जगेन की नाही याची वाटते. हे सगळं मी पडद्याआडून एका परपुरुषाला सांगत होते. पंत खाली मान घालून लिहीत होते.

"किती आणे?"

"पाच. आणि तेही जास्त सांगतेय."

"पाच," ते म्हणाले. "उपकार झाले." पाय ओढत पुढच्या घरी गेले. मी तिळगुळाची वाटी घेऊन तिथंच बसले. इतकं हलकं मला त्या घरात आल्यापासून वाटलं नव्हतं.

ते दोन दिवस गल्लीत नुसता गोंधळ होता. घरोघर पंत तिळगूळ नाकारत होते, घरोघर बायका चिडत होत्या आणि चिडल्या की खरं बोलत होत्या. आमच्या समोरच्या घरच्या कुसुमताईंनी तिळगूळ परत डब्यात टाकून त्यांच्या तोंडावर दार लावलं. पंत उभेच राहिले. थोड्या वेळानं दार उघडलं, "चार आणे, लिहा," म्हणाल्या आणि पुन्हा लावलं. तेविसाव्या घरी अनसूया दारात उभी होती, हात रिकामे. तिनं तिळगूळ आणलाच नव्हता. "दोन आणे," ती म्हणाली. "एक तुमचा आणि एक राजीचा." पंतांनी आकडा तेवढा लिहिला.

गल्लीची सरासरी निघाली सवासहा आणे. अनसूयानं त्या दिवशी लाडू वळायला घेतले.

खात्याचे सुपरिंटेंडेंट दौलतसिंह म्हणून होते. त्यांनी पंतांना बोलावलं. पंतांनी ते बोलणं मला पुढं कधीतरी जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यात त्यांची अक्कल कुठं लागत नव्हती. दौलतसिंह म्हणाले, "पंद्रह से सवा छह? मोहल्ले में आग लगी थी क्या?"

पंतांनी काहीही सांगून वेळ मारून न्यायला हवी होती. त्यांनी खरं सांगितलं. तिळगुळाची रीत सांगितली, तो नाकारल्याचं सांगितलं, अर्जाचीही आठवण दिली.

"यानी आपने लोगों को नाराज़ करके पूछा."

"जी. नाराज़ करके ही सच निकला."

"और आपका अपना मकान भी इसी गली में है?"

"जी."

"बेटी की जचगी है, सुना."

पंत म्हणाले, जी. आणि संपलं. दौलतसिंहांनी रागावून काही केलं नाही, तोही माणूस नियमाचाच होता. त्यांनी लिहून दिलं की दुसऱ्या कारकुनानं गल्लीची फेरतपासणी करावी, रथसप्तमीच्या आत, नेहमीच्या रीतीनं.

आता मला जे सांगायचंय ते सांगायला मी इतकी पानं घेतली. नवा मुन्शी आला तेव्हा सूर्य कलला होता. गोरा, तरतरीत, नया बाजाराकडचा, आपल्यातलाच. अदबीनं बोलणारा. मामंजी ओट्यावर हुक्का घेऊन बसले होते. समोर कुसुमताई त्यांच्या दारात उभ्या होत्या, कान आमच्याकडं. फेरतपासणी कशासाठी आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, मलाही होतं. अनसूयाच्या घरातून तूप कढवल्याचा वास येत होता.

मुन्शीनं आधी मामंजींना मुजरा केला. मग पडद्याकडं तोंड न करता, रीतीप्रमाणं बाजूला बघत दोन्ही हात पुढं केले, तिळगुळासाठी. मी ठेवला. त्यानं कपाळाला लावून खाल्ला. "वा, काय खुसखुशीत झालाय," म्हणाला. "पाणी कसं येतं, बाईसाहेब?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

ते माझ्या तोंडून आपोआप निघालं. मग पुढचंही निघत गेलं. झोप ठीक. आजारपण नाही. मामंजींनी हुक्का थांबवला होता, ते ऐकत होते. किती आणे, असं विचारल्यावर मी मनात पाच म्हटलं. अगदी स्पष्ट म्हटलं. आणि तोंडानं म्हटलं, "पंधरा."

मामंजींनी पुन्हा हुक्का ओढला.

मी एकटी खरं बोलले असते तरी काय झालं असतं, एका घरानं काय होतंय, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण प्रत्येकीनं स्वतःला तेच सांगितलं असणार. चाळीस घरांतल्या एकोणचाळीस घरांनी पंधरा आणे सांगितले. अनसूयानं एकटीनं सांगितले दोन. आमच्या वाट्याची नर्स नया बाजारात गेली. तिथं तिची गरज नव्हती असं नाही.

पंतांना कुणी कामावरून काढलं नाही. पुढं ते आणखी सात वर्षं, पेन्शनीत निघेपर्यंत, दर संक्रांतीला गल्लीत आले. तिळगूळ घेतला, खाल्ला, पंधरा लिहिलं. पुन्हा कधी नको म्हणाले नाहीत, पुन्हा अर्जही केला नाही. अनसूया दरसाल दोन आणे सांगायची, शेवटच्या आजारात अंथरुणावरूनसुद्धा सांगितले. आणि मी? मी पंधराच सांगत राहिले. एकदा खोटं बोलून घेतलं की पुढं खरं बोलायला तोंड राहत नाही. पुढं खातं बंद झालं, वह्या कुठं गेल्या पता नाही. त्या वह्या कुणी वाचल्या तर त्याला वाटेल, काय सुखी लोक होते.

पण माझ्या मनात रुतून बसलाय तो फेरतपासणीच्या वर्षीचाच चैत्र. झाशीहून पत्र आलं, राजलक्ष्मीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. गल्लीला बरं वाटलं. खरंच वाटलं, त्यात खोटं नव्हतं. आमच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि आम्ही एकमेकींना म्हणालो, झालं ना शेवटी सगळं ठीक.

त्या दुपारी बाहेर पाय ओढल्याचा आवाज आला. मी चमकले, कारण संक्रांत केव्हाच होऊन गेली होती. पंत दारात उभे होते. नेहमीच्याच जागी, नेहमीसारखे, कडेला बघत. बगलेत वही नव्हती, पितळेचा डबा होता.

"नातीचे," ते म्हणाले. "हिनं सव्वाशे केले होते. ओळखीच्या माणसाबरोबर पन्नास झाशीला पाठवले, त्याहून जास्त तो नेईना. हे उरले. ही म्हणाली, गल्लीत वाटून या."

"अनसूया कुठंय?"

"पडलीय जरा."

त्यांनी डबा उघडून पुढं केला. मी पडद्याआडून हात काढला आणि एक लाडू घेतला. ते जाईनात. मी खाल्ल्याशिवाय जाणार नाहीत असं वाटलं, म्हणून मी एक घास खाल्ला. काहीतरी बोलायला हवं होतं. जे सांगायचं होतं ते सांगता येत नव्हतं, म्हणून जे नेहमी बोलतात ते बोलले.

"छान गोड झालेत."

पंतांनी डब्याचं झाकण लावलं.

"मेथीचे आहेत, वहिनीसाहेब," ते म्हणाले, आणि पाय ओढत पुढच्या घरी गेले.